गाठ नसलेला सदरा

मी पेटी बोलतेय. हल्ली माझ्यात हिवाळ्याचे बूट ठेवतात आणि माझ्यावर बसून माणसं मोबाइल बघतात, पण तेवढ्यावरून मला हलक्यात घेऊ नका. एका बाळंतपणात माझं कुलूप उघडायचं की नाही, यावरून एका घराचा जीव टांगणीला लागला होता. ते मी पाहिलंय, आणि पाहिलेलं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मारामुरेश नावाच्या थंड मुलखात, डोंगरात माझा जन्म झाला. दोघे भाऊ सुतार होते. बीच नावाचं झाड फाडून त्यांनी फळ्या केल्या, धुरात वाळवल्या आणि एकही खिळा न ठोकता मला जोडलं. झाकणावर परकाराने चक्रं कोरली. धाकट्याला जेवायची घाई होती, म्हणून त्यातलं एक वाकडं आलं. माझ्याकडे बघणारा प्रत्येक माणूस नेमकं तेच चक्र बघतो. चांगली सात सोडून वाकड्या आठव्यावर बोट ठेवायची ही खोड माणसांना कुठून लागते, मला अजून कळलेलं नाही.

पारास्काच्या लग्नासाठी तिच्या बापाने मला घेतलं. मला बैलगाडीत चढवलं आणि नवरीला माझ्यावर बसवलं. अख्खा रस्ता ती रडत होती आणि मधूनमधून अक्रोड फोडून खात होती. रडणं आणि खाणं एका वेळी जमणारी बाई संसार नेटाने करणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

तसा तिने केलाही. माझ्यात सणाचे सदरे होते, लोकरी घागरे होते, पोवळ्यांची माळ होती. किल्ली तिच्या कमरेच्या नाडीला. नवऱ्यालासुद्धा ती किल्ली मिळत नसे.

लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ती गोष्ट घडली. पारास्काची थोरली बहीण अनुत्सा बाळंतपणाला तिच्याकडे आली होती, आणि याच खोलीत, माझ्यासमोर, ती आणि तिचं बाळ दोघंही गेली. नदीला पूर आलेला, पूल वाहून गेलेला. अनुत्साचे स्वतःचे कपडे पलीकडे तिच्या घरी. अंगावरचे रक्ताने भिजलेले. पारास्काचे घागरे तिला पुरेनात. शेवटी शेजारणीने आपला निळा घागरा आणून दिला आणि अनुत्साला त्यात पुरलं.

आमच्याकडे असं मानतात की ज्या कपड्यात माणसाला पुरतात, त्याच कपड्यात ते पलीकडच्या जगात राहतं. कायमचं. शेजारीण भली बाई होती, तिने कधी काही मागितलं नाही. फक्त त्या हिवाळ्यात विहिरीवर सहज म्हणून गेली, "माझा तो निळा घागरा चांगला होता हो." पारास्का घरी आली, बादली ठेवली आणि माझ्या झाकणावर डोकं टेकून बसली. बहीण परक्याच्या घागऱ्यात उभी आहे आणि लोक तिला विचारतायत, "हा कुणाचा गं?" असं तिला स्वप्नात दिसायचं. ते ती मला सांगायची. दुसऱ्या कुणाला सांगणार?

तेव्हापासून तिला एक सवय लागली. घरातल्या कुणालाही मरणाने बेसावध गाठू नये, म्हणून ती प्रत्येकाचे शेवटचे कपडे आधीच शिवून ठेवू लागली. मरणाचे कपडे शिवताना दोऱ्याला गाठ मारत नाहीत. गाठ असली तर जीव अडकतो म्हणतात. टाके उलटसुलट घेऊन दोरा तसाच सोडायचा. पारास्काने आधी स्वतःचे शिवले, मग नवऱ्याचे. तो भडकला. "अगं, मी काय उद्या मरतोय?" म्हणाला. उद्या नाही, सोळा वर्षांनी मेला, पण मोज्यांपर्यंत सगळं तयार होतं आणि गावाने पारास्काला वाखाणलं.

तिची तीन पोरं लहानपणीच गेली. त्यांच्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. मुलगी लांब दिली. राहिला एकटा गाव्रिला.

दुसरं महायुद्ध संपून दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा गाव्रिलाने नदीपलीकडच्या गावातली दोकिया बायको करून आणली. उंच, हाडापेराने मोठी, शिवणकामात हात असा की बघत राहावं. तिला आई नव्हती. आईचं शेवटचं सगळं तिनेच केलं होतं. जीभ मात्र तिखट, आणि पारास्काची काही गोड नव्हती.

दोकियाच्या गावच्या सदऱ्यांवर बाहीला निळ्या दोऱ्याची बारीक तिरकी नक्षी असते. पारास्का म्हणायची, "तुमच्या गावच्या बायका नक्षी काढतात, की कापडावर कोंबडी सोडतात?"

"कोंबडी निदान सरळ चालते, सासूबाई," दोकिया म्हणायची. "तुमच्या गावची फुलं बघितलीत? बटाटे वाटतात."

गाव्रिला मध्ये बसून मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, दुधात कालवत राहायचा. शहाणा माणूस.

मग दोकियाला दिवस गेले. शहरात सरकारी सूतिकागृह निघालं होतं, पण बाळ यायचं होतं ऐन फेब्रुवारीत, तेव्हा घाट बर्फाने बंद असतो. घरीच करायचं ठरलं. साफ्ता म्हणून गावची सुईण होती, पन्नाशीची. तिने शहरात जाऊन सहा महिने शिक्षण घेतलं होतं आणि तिकडून एक पत्र्याचा डबा आणला होता, त्यात कात्री, चिमटा, औषधाची बाटली. त्या डब्याचा तिला फार अभिमान. ती दर पंधरा दिवसांनी यायची, दोकियाच्या पोटाला कान लावायची आणि सांगून जायची, "चादरी उकळून वाळवा. जुनी धुतलेली फडकी गोळा करा. सरपण आत आणून ठेवा, ओलं चालणार नाही. दोन कोंबड्या राखा रश्शाला. आणि सासूबाईंनी सल्ले कमी द्या."

पारास्काने सगळं केलं. चादरी तीनदा उकळल्या. बाळाची लंगोटी, टोपडी, गुंडाळायच्या पट्ट्या माझ्यात नीट रचून ठेवल्या. मला बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी माझ्यात एवढेसे कपडे आले होते.

आणि मग एका दुपारी, दोकिया भट्टीजवळच्या बाकावर आडवी झाली होती, तेव्हा पारास्का हातात सुतळी घेऊन हळूच तिच्याजवळ गेली. खांद्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून घोट्यापर्यंत तिने माप घेतलं. जिथे जिथे माप संपलं तिथे सुतळीला गाठ मारली. मग पाय न वाजवता आली आणि ती सुतळी माझ्यात टाकली.

मला ते आवडलं नाही. सरळ सांगते, मला पारास्काचा राग आला.

दोकिया गिरणीवर गेली, विहिरीवर गेली, की पारास्का शिवायला बसायची. एक पायघोळ सदरा, घरी विणलेल्या पांढऱ्या कापडाचा. आणि त्याच्याच उरलेल्या तुकड्याचा एक वीतभर सदरा. दोन्हींच्या दोऱ्याला गाठ नाही. मोठ्या सदऱ्याच्या बाह्यांवर तिने दोकियाच्या गावची नक्षी काढली. जिची जन्मभर टिंगल केली तीच, डोळ्यांना पाणी येईपर्यंत खिडकीशी वाकून, उसवून आणि पुन्हा घालून. "हिची आई पलीकडे आहे," ती माझ्याशी पुटपुटायची. "आपल्या गावची बाही बघून ओळखेल तरी पोरीला."

वर लंगोटी आणि टोपडी, खाली हे. असं सगळं घेऊन मी चार महिने बसले. शेवटच्या आठवड्यात पारास्काने बाळाचे कपडे काढून भट्टीजवळच्या टोपलीत ठेवले आणि मला पुन्हा कुलूप लावलं. त्या चार महिन्यांत दोकिया सुकत गेली होती. बोलेनाशी झाली होती, टोमणेसुद्धा मारत नव्हती. माझ्याकडे मात्र सारखी बघायची. मला वाटायचं, वाकडं चक्र बघतेय.

एका सकाळी दूध काढता काढता तिला कळा सुरू झाल्या. गाव्रिला बर्फावरची घसरगाडी जुंपून साफ्ताला घेऊन आला. साफ्ताने आत येताच हात धुतले आणि कात्री उकळायला टाकली. मग म्हणाली, "आता सोडा सगळं."

सोडा म्हणजे काय, ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. घरात बाई अडलेली असताना एकही गाठ, एकही कुलूप बंद ठेवायचं नाही. पारास्काने दोकियाच्या वेण्या सोडल्या. कपाट उघडलं, पिठाच्या पोत्यांची तोंडं सोडली, मिठाची पुडीसुद्धा सोडली. गाव्रिलाने बुटांच्या नाड्या सोडल्या, कमरेचा पट्टा सोडला, गोठा उघडला, बैलांच्या गळ्यातले दोर काढले. थोड्या वेळाने तो एका हाताने विजार धरून अंगणात बैलांमागे धावत होता आणि वासराने सगळं दूध पिऊन टाकलं होतं. खिडकीतून ते बघून दोकियाला दोन कळांच्या मध्ये हसू आलं. त्या दिवशीचं ते शेवटचं हसू.

दुपार झाली तरी बाळ पुढे सरकेना. कळा येत होत्या, पण दोकिया अंग आक्रसून धरत होती. साफ्ता सांगत होती, "श्वास सोड, पोरी, अंग सैल सोड." ती सोडत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते. साफ्ताने पोटाला कान लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. वर बघितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"बाळ दमलंय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "असंच चाललं तर दोघांचं अवघड आहे."

तेव्हा दोकिया बोलली. "ती पेटी बंद आहे."

"उघडली की मघाशी," पारास्का म्हणाली.

"नाही उघडली. सकाळपासून मी तिच्याकडेच बघतेय."

"किल्ली सापडत नाहीये गं. कुठे पडली कोण जाणे."

पारास्का खोटं बोलायला बसली की तिचे कान लाल व्हायचे. साफ्ताने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या कमरेकडे. "आणि तू स्वतः, पारास्का? आख्खं घर सोडलंस आणि स्वतःची नाडी तेवढी आवळून फिरतेस?"

"माझं काय त्यात?"

"सोड म्हणते ना!" साफ्ताने पुढे होऊन नाडी ओढली. नाडी सुटली आणि किल्ली ठणकन जमिनीवर पडली.

पारास्काने ती चटकन उचलून मुठीत धरली.

"सापडली म्हणायची," दोकिया म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग पुढची कळ आली, तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही. मला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

पारास्काने साफ्ताला माझ्यापाशी ओढलं. कानात म्हणाली, "साफ्ता, आत तिचे कपडे आहेत. शेवटचे. तिचे आणि बाळाचे. मी काय करू? तिने बघितलं तर ती तिथेच धीर सोडेल."

साफ्ताने विचारलं, "माप कसं घेतलंस?"

"झोपली होती तेव्हा. सुतळीने."

"देवा रे," साफ्ता म्हणाली. "अगं बाई, तुला काय म्हणावं!"

"माझ्या बहिणीला परक्या घागऱ्यात जावं लागलं! हिला आई नाही, बहीण नाही. हिचं कोण बघणार? मीच ना?"

साफ्ताने माझ्या कुलपाकडे बघितलं. "कुलपाने बाळ अडतं की नाही मला माहीत नाही," ती म्हणाली. "शहरात शिकवलं, नाही अडत. पण ही पोरगी त्या कुलपाने अडलीय, हे मला दिसतंय. उघड."

किल्ली फिरली. झाकण वर गेलं. पहिल्यांदा सुतळी हाताला लागली, ती साफ्ताने हिसकावून घेतली आणि नखांनी, दातांनी गाठी सोडल्या. पारास्काने वीतभर सदरा मुठीत चुरगळला. त्याच्याखालचा मोठा झाकावा म्हणून ती आडवी झाली, पण बाहीचं टोक माझ्या काठावरून बाहेर लोंबत राहिलं.

दोकियाने मान वळवली होती. "ती बाही," ती म्हणाली. "माझ्या गावची आहे."

पारास्काने ती बाही घाईने आत लोटली.

"दाखवा मला."

साफ्ताने सदरा उचलला आणि नेऊन तिच्या हातात दिला. दोकियाने बाहीवरून बोट फिरवलं. मग सदरा उलटा केला आणि आतल्या शिवणीवरून अंगठा नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिवणारी बाई बघते तसं.

साफ्ता घाईघाईने म्हणाली, "तुझ्या सासूने बाळंतपणासाठी मुद्दाम शिवलाय बरं का. बघ, एक गाठ नाही त्यात. अचानक द्यायचा होता, म्हणून लपवून ठेवला."

दोकियाने साफ्ताकडे बघितलं. मग पारास्काकडे बघितलं, बराच वेळ. कळ आली आणि गेली तरी ती तशीच बघत होती.

"घाला मला," ती म्हणाली.

"नको!" पारास्का ओरडली. "म्हणजे... अजून धुतलेला नाही गं."

"घाला, सासूबाई."

मरणाचा सदरा जिवंत माणसाच्या अंगावर चढवायचा! पण तिने चढवला. स्वतःच्या हातांनी, एक एक बाही. मग वळून भट्टीचं दार उघडलं आणि मुठीतला तो वीतभर सदरा आत फेकला. तो पेटेपर्यंत तिथेच उभी राहिली.

पुढचं मी थोडक्यात सांगते. दोकियाने पलंगाचा कठडा धरला, गुडघ्यांवर उठली आणि अंग सोडलं. साफ्ता म्हणत होती, "असं! असं! आलं, आलं!" सूर्य डोंगराआड जायच्या आत मुलगी झाली. निळसर, गप्प. साफ्ताने तिला पाठीवर चोळलं, तोंड साफ केलं, पुन्हा चोळलं. पारास्का देवाच्या तसबिरीखाली उभी होती, पण तिला प्रार्थनेचे शब्द आठवत नव्हते, ती नुसतीच "दे ना, दे ना" म्हणत होती. मग ती एवढीशी पोर शिंकली आणि रडली. बाहेर गाव्रिलाने दोन्ही हात वर केले आणि त्याची विजार घसरली.

पण संकट टळलं नव्हतं. दोकियाला रक्त जाऊ लागलं. पांढरा सदरा खालून लाल होत वर चढत होता. साफ्ता दोन्ही मुठींनी तिचं पोट दाबत होती, घामाने निथळत होती. "बाळाला छातीशी लाव! लगेच!" पारास्काने लावलं. ती त्या लाल होत जाणाऱ्या कापडाकडे बघत होती आणि मला तिच्या मनातलं कळत होतं. हा सदरा मीच शिवला, मीच चढवला, आता हा हिला घेऊन जाणार. तासभर असं चाललं. मग रक्त थांबलं. साफ्ता जमिनीवर बसली आणि म्हणाली, "घोटभर काहीतरी द्या मला, आणि पाणी नको."

तिसऱ्या दिवशी ताप आला. गाव्रिला घाट पायी ओलांडून शहरातून डॉक्टर घेऊन आला. इंजेक्शनं झाली. ताप उतरला. पारास्का मात्र सावरली नाही. तिने तो सदरा राखेच्या पाण्यात धुतला, वाळवला आणि माझ्या तळाशी कोंबला. जेवण जात नव्हतं. दोकियाला खोकला आला तरी हिचा जीव खालीवर. आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही, मग चर्चमध्ये जाऊन पाद्रीबाबांचा आशीर्वाद घेते. पारास्का ते दिवस एक एक करून ढकलत होती.

चाळिसाव्या सकाळी दोकिया माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सासूबाई, किल्ली द्या. माझा सदरा हवाय. तोच घालून जाते."

पारास्का मटकन बाकावर बसली. "पोरी, तो... तो बाळंतपणासाठी नव्हता शिवला."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"तुम्ही माप घेतलंत तेव्हा मी जागी होते."

खरं सांगायचं तर मीही हबकले. त्या दुपारी मीही तिथेच होते आणि मलाही कळलं नव्हतं.

"डोळे मिटून पडले होते नुसती," दोकिया म्हणाली. "सुतळी खांद्यावर आली, कमरेवर आली, घोट्यावर आली. माझ्या आईचं माप मी असंच घेतलं होतं, ती गेल्यावर. मला वाटलं, ही बाई माझी मरायची वाट बघतेय. तेव्हापासून धड झोप लागली नाही मला. रोज त्या पेटीकडे बघायचे आणि वाटायचं, माझं मरण तिथे घडी करून ठेवलंय."

"मग बोलली का नाहीस, भवाने? चार महिने!"

"काय बोलणार? सासूबाई, मी मरणार आहे का, असं विचारू? तुम्ही तरी बोललात?"

पारास्काने नाडीची किल्ली सोडून बाकावर ठेवली.

"मला वाटलं होतं, आत तुमच्या गावचा, कसा तरी शिवलेला असेल. सून जाणार, झालं, एक गुंडाळायचं कापड. आणि बाहेर आली माझ्या गावची बाही." दोकियाने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मरण चिंतणारी बाई एवढे डोळे फोडत नाही. तेव्हा कळलं, तुम्हीही माझ्याइतक्याच घाबरलायत. वाटलं, मेलेच तर ही बाई मला माझ्या आईच्या दारापर्यंत सोडून येईल. मग मला भीती राहिली नाही. आणि तो छोटा तुम्ही आगीत टाकलात, तेही बघितलं मी. म्हटलं, आता जोर लावायला हरकत नाही."

नवऱ्याच्या मयताला पारास्का चारचौघांत रडली नव्हती. त्या सकाळी ती जमिनीवर बसली, माझ्या अंगाला पाठ लावली आणि हमसून हमसून रडली. तिच्या पाठीचे हुंदके मला अजून जाणवतात. दोकिया तिच्याशेजारी बसली, बाळाला मांडीवर घेऊन. मग पारास्काने नाक पुसलं.

"तिसऱ्या ओळीत एक टाका चुकलाय," ती म्हणाली.

"दोन चुकलेत," दोकिया म्हणाली.

त्या दिवशी दोकिया तो सदरा घालून चर्चला गेली आणि बायकांनी नक्षीचं कौतुक केलं. नंतर ती तो उन्हाळ्यात गवत कापायला घालू लागली. पारास्का दरवेळी कुरकुरायची, "अगं, जपून वापर, पुन्हा शिवायला माझे डोळे राहिले नाहीत." दोकिया म्हणायची, "शिवायचा नाहीच आहे पुन्हा." आठ उन्हाळे टिकला. कोपरावर विरला, खांद्यावर फाटला, शेवटी त्याची भांडी पुसायची फडकी झाली. पारास्का गेली तेव्हा तिचं सगळं दोकियाने केलं, आणि दोकिया पुढे ऐंशी पार करून गेली. तोवर मरणाचे कपडे शिवून ठेवायची चाल घरातून उठली होती.

आता मी शहरात आहे, त्या निळसर पोरीच्या, इलिंकाच्या, घरात. इलिंका स्वतः आजी व्हायला आलीय. तिची लेक रालुका हिचे दिवस भरत आलेत. हिचं बाळंतपण दवाखान्यात होणार, चांगला दवाखाना आहे, सगळं ठरलंय. तयारीची बॅग माझ्या झाकणावर ठेवलीय. रालुका रोज येऊन माझ्यावर बसते, फोनवर सगळ्यांना सांगते, "मस्त चाललंय, काही काळजी नाही." फोन ठेवला की पोटावर हात ठेवून तशीच बसून राहते. तिचे पाय कापतात, ते मला लाकडातून कळतं. आत स्वयंपाकघरात इलिंका रस्सा ढवळत असते, तो केव्हाच झालेला असतो, तरी ढवळत असते.

तुमच्या घरात कुणी अशी दिवस भरत आलेली असेल, तर एवढंच करा. चादरी उकळा, बॅग भरा, सगळं करा, पण तिच्याजवळ जाऊन बसा आणि तुम्हाला काय भीती वाटते ते आधी तुम्ही सांगा. तिने सुरुवात करायची वाट बघू नका. मला चार पाय आहेत, पण उठून कुणाजवळ जाता येत नाही. तुम्हाला येतं. जा.